माल हातातून कधी सुटतो, ते आधी पाहा

प्रश्न असा आहे: "आमचा छोटा कारखाना आहे, निर्यात नुकतीच सुरू केली आहे. एका परदेशी कंपनीचा ईमेल आला. सॅम्पल मागितलं नाही, दरात घासाघीस केली नाही, थेट तीन कंटेनरची ऑर्डर. निम्मे पैसे आगाऊ देऊ म्हणतात. फक्त त्याआधी त्यांच्या देशात 'पुरवठादार नोंदणी' करावी लागेल आणि तिची साधारण दोन हजार डॉलर फी त्यांच्या वकिलाकडे भरावी लागेल. कंपनीची वेबसाइट आहे, नोंदणी क्रमांकही सरकारी यादीत सापडला. फी भरावी का? आणि एकूणच असे लोक ओळखायचे कसे?"

फी भरू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, पण हे आधी, कारण असे लोक जी मुदत घालतात ती दोन-तीन दिवसांचीच असते आणि त्या घाईतच पैसे जातात.

माल विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडे पैसे मागत नाही. परदेशात माल उतरवून घेण्यासाठी परवाने लागतात हे खरं, पण ते काढणं हे आयातदाराचं काम. इन्कोटर्म्स २०२० या, वाहतुकीचा खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारी नियमांत अकरा अटी आहेत. त्यांपैकी फक्त डीडीपी या एका अटीत आयातीची मंजुरी आणि तिथले कर विकणाऱ्याच्या अंगावर येतात. तुमचा सौदा डीडीपी नसेल, तर त्यांच्या देशातल्या नोंदणीचा खर्च तुमच्याकडे येण्याचं कारण नाही. पुरवठादाराला स्वतः करावी लागणारी खरी नोंदणी कधीकधी असते. अमेरिकेत अन्नपदार्थ पाठवणाऱ्या कारखान्याला तिथल्या एफडीए या अन्न-औषध खात्याकडे नोंद करावी लागते. पण ती नोंद तुम्ही स्वतः त्या खात्याच्या साइटवर करता आणि खातं तिच्यासाठी फी घेत नाही. खऱ्या नोंदणीचा नियम जाहीर असतो, फी असलीच तर ती छापलेली असते आणि पावती सरकारी खात्याची मिळते. खरेदीदाराने सुचवलेल्या वकिलाच्या वैयक्तिक खात्यात भरायची नोंदणी मी आजवर एकही खरी पाहिलेली नाही.

ही फी भरली की पुढे काय होतं तेही सांगतो. नोंदणी 'मंजूर' होते, शिक्के मारलेलं सुंदर प्रमाणपत्र येतं. मग करार नोटरी करण्याचा खर्च निघतो. मग आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी 'परकीय चलन परवानगी'. प्रत्येक मागणी आधीच्या खर्चाच्या मानाने लहान वाटते आणि आतापर्यंत गेलेले पैसे वाचवायचे म्हणून माणूस पुढचे भरत जातो. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या ४१९ या कलमावरून जगभर या प्रकाराला 'फोर-वन-नाइन' म्हणतात, पण आज असे ईमेल कुठूनही येतात. म्हणून देशाच्या नावावरून माणूस जोखू नका. लोक ज्या देशांकडे संशयाने पाहतात, तिथले अत्यंत सचोटीचे ग्राहक मी पाहिले आहेत, आणि नावाजलेल्या देशांच्या पत्त्यावरून झालेली फसवणूकही पाहिली आहे.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. नोंदणी क्रमांक खरा निघाला म्हणून तुम्हाला धीर आला, आणि मला नेमकी तिथेच काळजी वाटते. क्रमांक खरा असणं म्हणजे अशी कंपनी अस्तित्वात आहे. तुम्हाला ईमेल करणारा माणूस त्या कंपनीचा आहे का, हे त्यातून कळत नाही. ब्रिटनमध्ये तर या फसवणुकीला 'युरोपियन डिस्ट्रिब्युशन फ्रॉड' असं नावच पडलं आहे. तिथल्या नामांकित, खऱ्या कंपन्यांच्या नावाने भामटे दुसऱ्या देशांतल्या पुरवठादारांकडे उधारीवर ऑर्डर देतात. नाव खरं, क्रमांक खरा, कंपनीची पतही उत्तम. माल निघतो, आणि ट्रक वाटेत असताना उतरवण्याचा पत्ता बदलून येतो किंवा आधीपासूनच भाड्याच्या गोदामाचा दिलेला असतो. महिन्याभराने पुरवठादार बिलाची चौकशी करतो, तेव्हा खरी कंपनी म्हणते, आम्ही ही ऑर्डर दिलेलीच नाही.

सरकारी नोंद म्हणजे पडताळणी, असंही धरून चालू नका. ब्रिटनचं कंपनीज हाउस हे सर्वांना विनामूल्य पाहता येणारं रजिस्टर आहे, आणि ते फार उपयोगी आहे. पण अनेक दशकं तिथे कंपनीने दिलेली माहिती जशीच्या तशी नोंदवली जायची. माहितीवर शंका घेण्याचे आणि ती नाकारण्याचे वाढीव अधिकार त्या खात्याला २०२३ च्या कायद्याने मिळाले आणि मार्च २०२४ पासून लागू झाले. तेव्हा रजिस्टरमध्ये काय काय पाहायचं? कंपनी कधी स्थापन झाली, हिशेब वेळेवर दाखल होतात का, संचालक अलीकडे एकदम बदलले आहेत का, तिचा धंदा तुमच्या मालाशी जुळतो का. वीस वर्षं इमारत देखभालीचं काम करणारी कंपनी अचानक तीन कंटेनर तांदूळ किंवा टाइल्स का मागवेल?

मग माणूस खरा की तोतया, हे कसं ठरवायचं? मी एक नियम कधीच मोडत नाही: खरेदीदाराने दिलेल्या वाटेने खरेदीदाराची चौकशी करायची नाही. ईमेलच्या खाली छापलेला फोन लावला तर तो तोच माणूस उचलणार. त्याने दिलेल्या 'संदर्भां'ना लिहिलं तर त्याचाच मित्र उत्तर देणार. तुम्ही स्वतः वेगळ्या वाटेने त्या कंपनीचा नंबर शोधा. जुनी व्यापारी निर्देशिका, त्यांच्या देशातली व्यापारी संघटना, तुमच्या देशाच्या तिथल्या वकिलातीचा वाणिज्य विभाग, यांपैकी कुठूनही. तिथल्या स्वागतकक्षाला फोन करून खरेदी विभाग मागा आणि विचारा, अमुक नावाचे गृहस्थ तुमच्याकडे आहेत का, आणि अमुक क्रमांकाची ऑर्डर तुम्ही दिली आहे का. भाषेची अडचण असेल तर कुणाची मदत घ्या. दहा मिनिटांच्या या एका फोनने जितके लोक वाचलेले मी पाहिले, तितके दुसऱ्या कशानेही नाही.

ईमेलचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. रोमन लिपीतलं लहान 'आर' आणि लहान 'एन' शेजारी आले की घाईत 'एम' दिसतो. 'एल'च्या जागी एक हा आकडा, 'ओ'च्या जागी शून्य, कंपनीच्या नावापुढे एखादं 'ग्रुप' किंवा 'ट्रेड' चिकटवलेलं. डोमेन कधी नोंदवलं ते इंटरनेटवर कुणालाही पाहता येतं. १९८५ पासून व्यवसायात आहोत असं सांगणाऱ्या कंपनीचं डोमेन सहा आठवड्यांपूर्वीचं असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. मोठ्या कंपनीकडे बहुधा एलईआय हा वीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो हे क्रमांक सांभाळणाऱ्या जीएलईआयएफ या संस्थेच्या साइटवर विनामूल्य तपासता येतो आणि तिथे कंपनीचा नोंदणीकृत पत्ताही मिळतो. तो पत्ता आणि माल उतरवायचा पत्ता यांत तफावत असेल तर कारण विचारा, आणि दिलेलं कारण वर सांगितलेल्या फोनवर पडताळा.

इथे पतविम्याबद्दल एक सांगायला हवं, कारण त्याबाबत फार गैरसमज आहे. निर्यात पतविमा, म्हणजे खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा, जरूर घ्या. पण विमा कंपनी ज्या खरेदीदाराच्या नावाने मर्यादा मंजूर करते, जोखीमही त्याचीच घेते. ऑर्डर तोतयाने दिली असेल तर खऱ्या कंपनीशी तुमचा करार झालेलाच नसतो, आणि मग दावा अडकू शकतो. ओळख पटवण्याचं काम विम्याने तुमच्यावरून उतरत नाही.

इतका वेळ माणूस ओळखण्याबद्दल बोललो. पण पंचवीस वर्षं निर्यातदारांची कागदपत्रं आणि त्यांच्या बँकांची उत्तरं वाचत आल्यावर माझं ठाम मत झालं आहे की केवळ माणूस जोखण्यावर विसंबू नये. हुशार भामटा गोडच बोलतो, त्याचं इंग्रजी निर्दोष असतं, तो व्हिडिओ कॉलवरही येतो. त्यापेक्षा प्रत्येक सौद्यात एकच गोष्ट शोधा: मालावरचा माझा ताबा कोणत्या क्षणी सुटतो, आणि त्या क्षणापर्यंत माझ्या हातात काय आलेलं असतं? फसवणुकीच्या सगळ्या तऱ्हांमध्ये हा क्षण तुमच्या नकळत अलीकडे ओढलेला असतो. तुम्हाला वाटतं माल अजून माझा आहे, आणि तो केव्हाच गेलेला असतो.

हे मी पुस्तकात शिकलो नाही. सल्ल्याचं काम सुरू करण्यापूर्वी मी स्वतः छोटी निर्यात करत होतो. एका खरेदीदाराने दोन लहान ऑर्डर दिल्या, पैसे वेळेवर आले. तिसरी ऑर्डर आधीच्या दोन्हींच्या चौपट. अट एफओबी, म्हणजे जहाज आणि फ्रेट फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था करणारा मध्यस्थ) त्याने ठरवलेले. वीस टक्के आगाऊ, बाकी रक्कम बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या आणि तो सोडवायला लागणाऱ्या पावतीची, प्रत पाहिल्यावर. माल भरला, फॉरवर्डरने बिल ऑफ लेडिंगच्या तीन मूळ प्रती दिल्या, मी त्या कपाटात कुलुपात ठेवल्या. मनात पक्कं होतं की या प्रती माझ्याकडे आहेत तोवर माल माझा. खरेदीदाराची उत्तरं आधी उशिरा येऊ लागली, मग बंद झाली. शेवटी शिपिंग लाइनच्या साइटवर कंटेनरचा क्रमांक टाकला, तर कंटेनर अठरा दिवसांपूर्वी रिकामा होऊन परत जमा झाला होता.

झालं असं होतं की माझ्याकडचं बिल ऑफ लेडिंग शिपिंग लाइनचं नव्हतंच. ते फॉरवर्डरने स्वतःच्या कागदावर दिलेलं 'हाउस बीएल' होतं. शिपिंग लाइनने दिलेलं 'मास्टर बीएल' फॉरवर्डरच्या नावाने होतं आणि त्यावर माल घेणारा म्हणून परदेशातल्या त्याच्याच माणसाचं नाव होतं. शिपिंग लाइनने नियमाप्रमाणे त्याला माल दिला. त्याने माझी मूळ प्रत न घेताच तो पुढे सोडून दिला. दाद मागायला गेलो तेव्हा त्या फॉरवर्डरच्या कार्यालयाला टाळं होतं. माझ्या मते माल माझ्या हातून समुद्रापलीकडे सुटलाच नव्हता. खरं तर ट्रक कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला त्याच दिवशी तो सुटला होता, आणि मी दोन महिने कपाट सांभाळत बसलो होतो. पहिल्या दोन ऑर्डर वेळेवर चुकत्या करणं हा त्या योजनेचाच भाग होता. तेव्हापासून जुन्या ग्राहकाची ऑर्डर एकदम मोठी झाली की मी ती नव्या ग्राहकासारखीच तपासतो.

हाउस बीएल म्हणजे फसवणूक, असा अर्थ काढू नका. जगभर रोज हजारो सौदे त्यावर सरळ पार पडतात. प्रश्न फॉरवर्डर कुणाचा माणूस आहे हा आहे. नव्या खरेदीदाराशी शक्यतो सीएफआर, सीआयएफ, सीपीटी अशा अटींवर सौदा करा, म्हणजे वाहतूक तुम्ही ठरवता आणि शिपिंग लाइनचं मूळ बीएल तुमच्या हातात येतं. खरेदीदार स्वतःच्या फॉरवर्डरचा हट्ट धरत असेल, तर माल फाटकाबाहेर जाण्यापूर्वी पूर्ण रक्कम जमा झालेली हवी. तसं होत नसेल तर निदान फॉरवर्डरची स्वतंत्र चौकशी करा. अमेरिकेशी व्यापार असेल तर तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनकडे परवानाधारकांची यादी असते. इतरत्र फॉरवर्डरांच्या राष्ट्रीय संघटनेत चौकशी करता येते. बिल ऑफ लेडिंग खरं आहे का याची शंका आल्यास इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचं इंटरनॅशनल मेरिटाइम ब्युरो ते तपासून देतं. हे ब्युरो १९८१ पासून सागरी गुन्हे आणि फसवणूक रोखण्यासाठी आहे.

विमानाने माल पाठवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. एअर वेबिल, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाची पावती, ही मालाची मालकी दाखवणारी दस्तऐवजी चावी नाही. त्यावर ज्याचं नाव आहे त्याला ओळख पटवून माल मिळतो, मूळ कागद लागत नाही. म्हणून 'माल विमानाने पाठवा, कागद बँकेतून पाठवा, पैसे कागदांवर देऊ' या वाक्यात तुमच्या बाजूला काहीच उरत नाही. परदेशी बँकेचं नाव माल घेणारा म्हणून घालण्याची युक्ती सुचवली जाते, पण वसुलीच्या कागदांसाठीचे यूआरसी ५२२ हे नियम स्पष्ट सांगतात की बँकेची आधी संमती घेतल्याशिवाय तिच्या नावाने माल पाठवू नये. पाठवलात तर तो सांभाळायला ती बांधील नाही.

'मग एलसी घेतो, म्हणजे प्रश्न मिटला,' असं पुष्कळ जण म्हणतात. एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी, हे उत्तम साधन आहे, पण त्यात नेमकं काय लिहिलंय ते न वाचणाऱ्याला ते वाचवत नाही. एलसीचे जागतिक नियम यूसीपी ६०० या नावाने १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांचं पाचवं कलम प्रत्येक निर्यातदाराने पाठ करावं: बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. तुम्ही सोन्यासारखा माल पाठवला आणि एक कागद अटीप्रमाणे नसला, तर बँक पैसे नाकारू शकते.

पहिली खात्री, एलसी खरी आहे का. खरी एलसी तुमच्या बँकेकडे स्विफ्ट या बँकांच्या आपसांतल्या संदेशांच्या बंदिस्त जाळ्यातून येते, बहुधा एमटी ७०० या संदेशाने, आणि तिचा वरकरणी खरेपणा पाहण्याची जबाबदारी कळवणाऱ्या बँकेवर असते. खरेदीदाराने ईमेलला जोडून पाठवलेली किंवा कुरिअरने थेट तुमच्या हाती आलेली एलसी म्हणजे नुसता कागद. एलसी देणारी बँकही पाहा. नाव भारदस्त, पण तुमच्या बँकेने कधी ऐकलं नाही, आणि जिची साइटही नवीन, अशा कागदी बँका असतात. तुमच्या बँकेला विचारा, या बँकेच्या एलसीवर तुम्ही कन्फर्मेशन, म्हणजे स्वतःची हमी, द्याल का? तुमची बँक तिच्यासाठी स्वतःचे पैसे बांधायला तयार नसेल, तर तुम्ही माल का बांधावा?

दुसरी खात्री अटींची, आणि इथे वेळ द्या. घातक कलमं अगदी साध्या भाषेत लिहिलेली असतात. "खरेदीदाराच्या अधिकृत प्रतिनिधीने सही केलेलं तपासणी प्रमाणपत्र, सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली पाहिजे." वाचताना रास्त वाटतं. पण तो प्रतिनिधी सही करायला आलाच नाही, किंवा मुद्दाम वेगळी सही करून गेला, तर तुम्हाला कधीच पैसे मिळू शकत नाहीत. मग तो दारात उभा राहून म्हणतो, तीस टक्के दर कमी करा, सही देतो. दुसरं कलम: "बिल ऑफ लेडिंगच्या तीन मूळ प्रतींपैकी एक थेट खरेदीदाराला कुरिअरने पाठवावी." बिल ऑफ लेडिंगवरच छापलेलं असतं की एका प्रतीवर माल दिला की बाकीच्या रद्द. त्या एका प्रतीने तो माल सोडवतो आणि मग बँकेतल्या तुमच्या कागदांत चुका शोधायला मोकळा होतो. तिसरं: "ही एलसी पुढील सूचना आल्यावरच अमलात येईल." ती सूचना येईपर्यंत तुमच्याकडे एलसी नाही, एवढंच धरा, आणि तिच्या भरवशावर कच्चा माल विकत घेऊ नका.

ज्या कागदावर खरेदीदाराची सही, संमती किंवा सोय लागते, तो प्रत्येक कागद एलसीतून काढायला लावा. तपासणी हवीच असेल तर त्रयस्थ, नावाजलेल्या तपासणी संस्थेची घाला. दुरुस्ती झाल्याशिवाय माल भरू नका. 'आधी पाठवा, दुरुस्ती मागाहून करून देतो' हे आश्वासन आहे, दुरुस्ती नव्हे.

आता एक फसवणूक अशी, जिच्यात कागद सगळे खरे, बँक खरी, खरेदीदारही खरा. सौदा असतो 'पैसे द्या आणि कागद घ्या' या पद्धतीचा, म्हणजे डीपी. माल बंदरात पोचतो आणि खरेदीदार कागद उचलत नाही. बाजार पडला, बँकेची अडचण आहे, दहा दिवस द्या. तिकडे बंदराचं भाडं आणि कंटेनरचं डेमरेज, म्हणजे तो अडकवून ठेवल्याचा आकार, रोज चढत असतं. तुम्ही माल परत आणायचं किंवा दुसऱ्याला विकायचं ठरवता, तेव्हा कळतं की त्या देशात मूळ आयातदाराची ना-हरकत मिळाल्याशिवाय ते करता येत नाही. असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. ना-हरकत अर्थातच मिळत नाही. ठरावीक मुदत संपली की कस्टम्स माल लिलावात काढतं आणि तोच खरेदीदार, किंवा त्याचा भाऊबंद, तो कवडीमोलाने उचलतो.

यावर उपाय माल निघण्यापूर्वीच करायचा असतो. आगाऊ रक्कम निदान इतकी घ्या, की माल परत आणण्याचा जाण्या-येण्याचा खर्च, डेमरेज आणि थोडा तोटा तीत भागेल. दहा टक्क्यांत ते बहुधा भागत नाही. आणि त्या देशात परत पाठवण्याचे नियम काय आहेत, हे आपल्या फॉरवर्डरला सौद्याआधी विचारा. लवकर खराब होणारा किंवा एकाच ग्राहकाच्या छापाचा माल डीपीवर पाठवूच नये असं मी सांगतो, कारण दुसरा ग्राहक शोधायला वेळच मिळत नाही. डीए, म्हणजे नुसत्या हुंडीवर सही घेऊन कागद सोडणं, ही नव्या खरेदीदारासाठी उघड उधारी आहे. तिचा विचारही करू नका.

पैशांकडे येऊ. स्विफ्टच्या संदेशाचं चित्र म्हणजे पैसे नव्हेत. 'पेमेंट केलंय, प्रत जोडली आहे, आजच माल सोडा' असं म्हणणाऱ्याला सांगा, रक्कम खात्यात जमा झाली की सोडतो. खऱ्या स्विफ्ट पेमेंटला यूईटीआर हा ३६ चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो मागून घ्या आणि तुमच्या बँकेला द्या, पेमेंट कुठे आहे ते बँकेला दिसतं. परदेशी चेक खात्यात 'जमा' दिसला तरी काही आठवडे तो परत फिरू शकतो. म्हणून ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक आणि 'वरची रक्कम आमच्या एजंटला पाठवा' अशी विनंती आली की तिथेच थांबा. चोरीच्या क्रेडिट कार्डावर भरलेले पैसेही असेच माल गेल्यावर परत ओढले जातात.

आणि पैसे आले तरी ते कुणाकडून आले ते पाहा. ऑर्डर एका कंपनीची आणि पैसे तिसऱ्याच देशातल्या, कधी न ऐकलेल्या कंपनीच्या खात्यातून, हे व्यापाराच्या आडून काळा पैसा फिरवण्याचं जुनं लक्षण आहे. तो पैसा दुसऱ्या कुणाला फसवून आलेला असू शकतो. मग चौकशीत खातं तुमचं गोठतं, आणि माल तर निघून गेलेला असतो. करारातच लिहा की रक्कम खरेदीदाराच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच आली पाहिजे.

आता एका अशा फसवणुकीबद्दल, जी आज मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात दोन्ही बाजू प्रामाणिक असतात. कुणीतरी तुमच्या किंवा तुमच्या ग्राहकाच्या ईमेलमध्ये शिरतो आणि आठवडेच्या आठवडे नुसता वाचत बसतो. इन्व्हॉइस जायची वेळ आली की तुमच्या नावाने, तुमच्या लेटरहेडवर, तुमच्याच शैलीत ग्राहकाला ईमेल जातो: ऑडिट चालू असल्याने आमचं नेहमीचं खातं बंद आहे, रक्कम या नव्या खात्यात पाठवा. ग्राहक पाठवतो. माल त्याला मिळतो, पैसे तिसऱ्यालाच मिळतात, आणि दोन जुने स्नेही एकमेकांवर संशय घेत कोर्टाच्या पायऱ्या चढतात. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात अकरा वर्षांचा संबंध असाच तुटला.

अमेरिकेच्या एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे २०२३ या एकाच वर्षात या प्रकारात २.९ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान नोंदलं गेलं. आणि यात फक्त छोटेच फसतात असं नाही. २०१३ ते २०१५ दरम्यान लिथुआनियातल्या एका माणसाने लॅटव्हियात एका आशियाई हार्डवेअर कंपनीच्या नावाचीच कंपनी नोंदवली, तिच्या नावाने खोटी बिलं पाठवली आणि गूगल व फेसबुक यांच्याकडून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांच्याकडे जगातली उत्तम तांत्रिक माणसं आहेत त्यांना हे चुकवता आलं नाही, कारण बिल मंजूर करणाऱ्याला नाव ओळखीचं वाटलं.

यावर उपाय साधे आहेत, पण ते आज करायला हवेत. करारात आणि प्रत्येक इन्व्हॉइसवर लिहा की आमचं बँक खातं ईमेलने कधीही बदलणार नाही, बदल झाल्यास करारात दिलेल्या फोनवर आम्ही स्वतः बोलू, आणि तुम्हीही आम्हाला उलट फोन करून खात्री करा. पहिल्या मोठ्या रकमेआधी ग्राहकाला अगदी छोटी रक्कम पाठवायला सांगा आणि ती पोचल्याचं फोनवर कळवा. आयबॅन या आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मन पुरवठादाराचं खातं 'डीई'ऐवजी भलत्याच देशाच्या अक्षरांनी सुरू होत असेल, तर ते आधी विचारायला हवं. ईमेलला दोन टप्प्यांची ओळख लावा. आणि आजच ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा, तुमचे ईमेल परस्पर कुठे पुढे पाठवले जात आहेत का. शिरलेला माणूस बहुधा हाच नियम लावून ठेवतो, पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो, आणि तो पाहण्याचं फार थोड्या लोकांना सुचतं.

पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचं कळलं तर तास मोजा, दिवस नाही. पैसे पाठवणाऱ्याने त्याच क्षणी आपल्या बँकेला रक्कम परत मागवण्याचा संदेश पाठवायला लावायचा, समोरच्या बँकेच्या फसवणूक विभागाला थेट कळवायचं आणि दोन्ही देशांत पोलिस तक्रार करायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत पैसे अडवले जाऊ शकतात. पुढे ते चार खात्यांतून पसार होतात. संकोचाने किंवा 'आधी आपसांत बोलून पाहू' म्हणून गेलेला एक दिवस परत मिळत नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. न मागितलेल्या व्यापारी निर्देशिकेत 'माहिती विनामूल्य अद्ययावत करा' असा फॉर्म येतो आणि खाली बारीक अक्षरांत तीन वर्षांचं सशुल्क कंत्राट असतं. सही करण्याआधी शेवटची ओळ वाचा. तुमच्या ब्रँडचं डोमेन कुणी दुसरा नोंदवतोय, लगेच पैसे भरा, असं कळवणाऱ्याला उत्तर देऊ नका. कधीच न भेटलेला खरेदीदार चार जणांची नावं देऊन व्हिसासाठी निमंत्रणपत्र मागत असेल, तर त्याला मालात रस आहे की व्हिसात, हे तपासा. आणि करारासाठी बोलावून तिथे नोटरीचा खर्च, भेटवस्तू, मेजवानी तुमच्यावर टाकणारे यजमान असतात. करार तेवढ्यावर संपतो. महागडी सॅम्पल मोफत मागणाऱ्याला सॅम्पलची किंमत आणि कुरिअर लावा. पहिल्या ऑर्डरमध्ये ती वळती करून देऊ असं सांगा. खरा ग्राहक यावर रागावत नाही.

आता तुमच्या ईमेलला काय उत्तर लिहायचं ते सांगतो. सौजन्याने लिहा, कारण एक टक्का शक्यता का होईना, समोरचा खरा असू शकतो. लिहा की ऑर्डरबद्दल आभार, आमच्या नियमाप्रमाणे आम्ही खरेदीदाराच्या देशातली कोणतीही फी भरत नाही. ती आवश्यक असेल तर आपण भरावी आणि सरकारी पावती दाखवल्यास पहिल्या इन्व्हॉइसमधून आम्ही ती वजा करू. सोबत प्रोफॉर्मा इन्व्हॉइस जोडा: पहिली ऑर्डर एका कंटेनरची, सीआयएफ, तीस टक्के रक्कम कंपनीच्या स्वतःच्या खात्यातून आगाऊ, बाकीसाठी आमच्या बँकेने कन्फर्म केलेली एलसी. आणि आजच, त्यांच्या ईमेलमधला नंबर न वापरता, कंपनीचा नंबर शोधून फोन करा.

मग उत्तराची वाट पाहा. फी वजा करून मिळत असताना ती स्वतः भरायला खऱ्या खरेदीदाराची हरकत नसते. तो दरावर भांडेल, तीस टक्क्यांचे वीस करा म्हणेल, एलसीचा खर्च कुणाचा यावर चार ईमेल लिहील. ते आलं तर बोलणी पुढे न्या. पण उत्तरात पुन्हा फीच असेल, रक्कम हजारावर आणलेली असेल, किंवा 'मंत्रालयाची मुदत शुक्रवारी संपते' असं लिहिलेलं असेल, तर पत्रव्यवहार बंद करा, सगळे ईमेल जपून ठेवा, आणि ज्या कंपनीचं नाव वापरलं गेलं तिला एक ओळ कळवा. त्याच नावाने तो उद्या दुसऱ्या कुणाला लिहिणार आहे.